संपादनाची परवानगी

नववीच्या वर्गाला मी एक प्रश्न दिला होता : 'आपल्या परिसरातील आड व विहिरी यांचे गावाच्या जीवनातील महत्त्व लिहा.' प्रश्न गुगल डॉक्समधल्या एका सामायिक मजकुराच्या माथ्यावर होता, त्याखाली प्रत्येक वाडीसाठी मोकळी जागा सोडलेली होती आणि त्याची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेली होती. संध्याकाळी घरी आल्यावर मी तो मजकूर उघडला, तेव्हा वरच्या कोपऱ्यात तीन-चार रंगीत वर्तुळे दिसत होती. म्हणजे मुले आत होती. पाहता पाहता एक जांभळा कर्सर माझ्या प्रश्नापाशी येऊन थांबला. त्याने प्रश्न शेवटाकडून एकेक अक्षर खोडत नेला आणि रिकाम्या झालेल्या जागी, अडखळत, मध्येच एक काना चुकवून तो दुरुस्त करत, नवी ओळ लिहिली : 'आपल्या आडावर कोणाला पाणी भरू देत नव्हते?' थोडा वेळ ती ओळ तशीच राहिली. मग एक हिरवा कर्सर लगबगीने आला, त्याने ती ओळ पुसली आणि माझा मूळ प्रश्न जसाच्या तसा, पूर्णविरामासकट, पुन्हा लिहून ठेवला.

हे दोघे कोण होते ते मला कळण्याचा मार्ग नव्हता. खाते न उघडता केवळ लिंकवरून आत येणाऱ्याला गुगल डॉक्स एखाद्या प्राण्याचे नाव देते. ॲक्सोलॉटल, क्वोका, वॉम्बॅट अशी ती नावे मुलांना फार आवडतात. पहिल्या तासाचा बराच वेळ कॅपीबारा म्हणजे काय या शोधात गेला होता आणि तो दक्षिण अमेरिकेत राहणारा, जगातला सर्वांत मोठा कुरतडणारा प्राणी आहे, ही माहिती वर्गाने आपली आपणच मिळवली होती. त्या संध्याकाळी नवा प्रश्न लिहिणारा 'अनामिक कॅपीबारा' होता. मजकुराचा इतिहास उघडून पाहिला, तरी तिथे या सगळ्यांची मिळून एकच नोंद असते : सर्व अनामिक वापरकर्ते. मुलांची खाती उघडायची नाहीत हे आम्ही आधीच ठरवले होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितले आहे. शिवाय घरोघरी एकच फोन आणि त्यावर वडिलांचे खाते, अशी आमच्याकडची स्थिती आहे. ज्या अनामिकतेकडे आम्ही केवळ सोय म्हणून पाहिले होते, तिने कोणाला तरी बोलायचे बळ दिले.

मात्र मला अधिक सलत राहिली ती दुसऱ्या हाताची तत्परता.

मजकूर दुसऱ्याच्या हाती देताना एक छोटी चौकट उघडते आणि तिच्यात तीन पर्याय असतात. समोरच्याला नुसते पाहता येईल, टिप्पणी करता येईल किंवा संपादन करता येईल. आपल्या शाळांमधला विद्यार्थी बहुतेक सारा काळ पहिल्या पर्यायात काढतो. त्याने फळा पाहावा, उतरवून घ्यावे, पाठ करावे आणि उत्तरपत्रिकेत परत करावे. दुसऱ्या पर्यायाची सोय आपण अलीकडे केली. भाषेच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' आले आणि त्याला गुणही आले. पण बाजारातल्या गाईडमध्ये स्वमताचीही तयार उत्तरे मिळतात, मुले ती मुखोद्गत करतात आणि तपासणाऱ्यालाही ती वाचताक्षणी ओळखू येतात. तिसऱ्या पर्यायापर्यंत, म्हणजे समोर मांडलेला मजकूर बदलण्याच्या अधिकारापर्यंत, आपण मुलांना येऊच देत नाही. प्रश्न शिक्षकाचा, उत्तर पुस्तकाचे आणि अक्षर तेवढे मुलाचे, अशी ही वाटणी आहे. हिरव्या कर्सरमागच्या मुलाने किंवा मुलीने हीच वाटणी मोठ्या निष्ठेने पूर्ववत केली होती. तिला कोणी सांगितले नव्हते. नऊ वर्षांच्या शाळेने ते तिच्या हाडीमासी रुजवले होते.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचते, ही भूमिका स्पष्टपणे घेतली आणि 2015 नंतर आपल्याकडे 'ज्ञानरचनावाद' हा शब्द गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत पोहोचला. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या शाळागटाच्या, शाळा पाहायला तर राज्यभरातून शिक्षक येत होते. त्या शाळांतून आमच्याकडे आलेली मुले फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून, एकमेकांना विचारत शिकलेली असतात. माध्यमिक शाळेत आली की ती बाकांच्या रांगेत बसतात, पुढे फळा येतो, दहावीचे वर्ष दिसू लागते आणि दोनेक महिन्यांत विचारायची सवय सुटते. ती सुटताना मी दर वर्षी पाहते. ऑनलाइन साधनांकडे मी वळले ते या सुटणाऱ्या सवयीसाठी. संगणकाचे कौतुक हे त्याचे कारण नव्हते.

आमचा संगणक कक्ष ही पूर्वीची प्रयोगशाळा आहे. ओट्यांवर आम्लाचे जुने डाग आहेत, चपला दाराबाहेर काढायच्या असतात आणि वीज गेली की सगळे पडदे एकदम काळे पडतात, कारण यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच निकामी झालेल्या आहेत. एका संगणकासमोर तिघे-चौघे बसतात. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट नजरेत भरली. माऊस बहुतेक ठिकाणी मुलाच्या हातात असे, की-बोर्ड त्याच्या मित्रापुढे, आणि मुली मागे उभ्या राहून सांगत असत किंवा नुसत्याच पाहत असत. शिक्षक मध्यातून बाजूला झाला म्हणून मध्य आपोआप सगळ्यांचा होत नाही. वर्गात जो आधीपासून बळकट असतो तो तिथे जाऊन बसतो. म्हणून आम्ही नियम केला की ज्याच्या डोक्यातले वाक्य लिहायचे त्याने की-बोर्डला हात लावायचा नाही, त्याने दुसऱ्याला सांगायचे आणि दुसऱ्याने टंकायचे. त्यामुळे काम मंदावते, पण मंदावले की वाक्यावर बोलणे होते. 'आडाला काठ आहे' एवढे सांगितले की टंकणारी विचारते, कसला काठ, दगडी की विटांचा? मग सांगणारा दुसऱ्या दिवशी घरी जाऊन पाहून येतो की काठ दगडी आहे आणि त्यावर दोराने पडलेल्या खाचा बोट आत जाईल एवढ्या खोल आहेत. घरून लिहिणारी मुले फोनपुढे बोलतात आणि फोन ते टंकतो. एका मुलाने फोन थेट आजीच्या तोंडापुढे धरला आणि तिने पोहरा, रहाट, मोट यांविषयी जे सांगितले, ते अर्धे चुकीचे उतरले. ते दुरुस्त करायला चार मुले त्याच मजकुरात एकाच वेळी उतरली होती.

या सगळ्यात मला सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाची आठवण वारंवार होते. 1920 मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या लहान गावी शिकवू लागला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे दिवसभर वर्गात मोठ्याने बोलत राहणे त्याला झेपत नसे. शिक्षकाचा आवाज हाच ज्या वर्गाचा आधार, तो वर्ग अशा माणसाला चालवता येणार नव्हता. त्याने 1924 च्या सुमारास छपाईचे एक लहानसे हातयंत्र वर्गात आणले. मुले बाहेर फिरून येत, पाहिलेले लिहीत, लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवीत आणि कोणता मजकूर छापायचा ते मते घेऊन ठरवीत. निवडलेला मजकूर फळ्यावर उतरवून सारा वर्ग त्यातली वाक्ये नीट करी, मग मुले खिळे जुळवीत, शाई लावीत आणि पाने काढीत. ही पाने टपालाने दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला जात आणि त्या शाळेची पाने इकडे येत. आज सामायिक मजकूर, त्यावरच्या टिप्पण्या आणि लिंक अशा तीन गोष्टींनी जे साधता येते, त्याचा गाभा शंभर वर्षांपूर्वी खिळे आणि टपाल तिकिटे यांवर उभा होता. मुलाचे लिहिणे शिक्षकाने तपासण्यासाठी नसून कोणीतरी वाचण्यासाठी असले, की मूल वेगळे लिहिते, हे फ्रेनेने ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही प्रश्न फळ्यावर एकाखाली एक लिहिले. कोणी लिहिला आणि कोणी पुसला हे विचारणार नाही, असे आधीच सांगून टाकले. वर्गात नेहमीची कुजबुज नव्हती. या दोन्हींपैकी आपण काय शोधायचे, हे तोंडाने सांगू नका, असे म्हणून मी पॅडलेट या संकेतस्थळावरची एक रिकामी भिंत उघडली. तिच्यावर प्रत्येकाला नाव न लावता आपापली चिठ्ठी डकवता येते, आणि चिठ्ठी माझ्या नजरेखालून गेल्यावरच ती सर्वांना दिसावी, अशी व्यवस्था ठेवता येते. मुले गटागटाने संगणक कक्षात जाऊन आली. दिसू नये असे काही आले नव्हते, म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या एकदम खुल्या केल्या आणि प्रोजेक्टर लावला. 'पहिला प्रश्न परीक्षेत येतो.' 'आमच्या आजीला माहीत आहे पण ती सांगत नाही.' 'असं लिहिलं तर गावात भांडणं होतील.' 'आता तसं काही नाही, मग कशाला काढायचं?' आणि एका कडेला, थोड्या अंतरावर पडलेली एक : 'आमच्या वस्तीचा आड नकाशावर कोणीच टाकलेला नाही.'

नकाशाही सामायिकच होता. मुलांनी त्यावर प्रत्येक वाडीतल्या विहिरींच्या खुणा केल्या होत्या, बुजलेल्या आडांना वेगळा रंग दिला होता, देवळामागची बारव होती, कारखान्याच्या रस्त्याकडेची विहीरसुद्धा होती. गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे, मात्र नकाशा कोरा होता. ती जागा मी नकाशा पाहताना अनेकदा ओलांडून गेले असेन. नकाशा सगळ्यांना खुला होता, संपादनाची परवानगी सगळ्यांना होती, तरीही कोऱ्या जागेत पहिली खूण करायला वस्तीतल्या मुलांचा हात उचलला गेला नव्हता आणि इतरांना ती जागा कोरी वाटलीच नव्हती. साधनाने दिलेली परवानगी आणि माणसाला मनातून वाटणारी परवानगी यांत केवढे अंतर असते, ते मला त्या नकाशाने दाखवले.

त्या चिठ्ठ्यांचे पुढे काय करायचे हे सुचले ते बार्बियानाच्या शाळेवरून. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात 1954 साली पाठवल्या गेलेल्या डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या, शाळेने नापास करून बाहेर काढलेल्या मुलांसाठी ती चालवली. ही मुले मिळून लिहीत. प्रत्येक विचार वेगळ्या कागदावर, मग मोठ्या टेबलावर सगळे कागद पसरून दुबार आलेले काढायचे, उरलेल्यांचे ढीग करायचे, प्रत्येक ढिगाचे एक प्रकरण, आणि मग एकेक अनावश्यक शब्द काढत जायचे. आमच्या मुलांनी भिंतीवरच्या चिठ्ठ्या तशाच सरकवून एकत्र केल्या. तीन ढीग झाले. पाणी कुठे होते, पाणी कोण काढत असे, आणि पाणी कोणाला मिळत नसे. माझा प्रश्न पहिल्या ढिगात सामावला. कॅपीबाराचा प्रश्न तिसऱ्या ढिगाचे शीर्षक झाला, आणि या वेळी तो कोणी पुसला नाही.

चवदार तळे मुलांना ठाऊक आहे. 20 मार्च 1927 ही तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. त्याआधी 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला व तो संमत झाला, आणि तळ्याबाबतचा न्यायालयीन झगडा 1937 मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला, हेही आम्ही पाहिले. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद खुला केला, हे तर प्राथमिक शाळेपासून येते. हे सगळे मुलांच्या लेखी महाड, मुंबई आणि पुणे इथे घडलेले होते. तिसऱ्या ढिगावर काम करणाऱ्या गटाने 1901 सालचा प्रसंग शोधून मजकुरात आणला. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनावर उतरले, आणि पुढे बैलगाडीच्या साऱ्या वाटेवर त्यांना पिण्याचे पाणी मिळाले नाही; डबा सोबत असूनही मुले उपाशी झोपली, कारण घास उतरायला पाणी नव्हते. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. ते ज्या गोरेगावला निघाले होते ते खटाव तालुक्यातले. आमच्या मुलांचे मामा, मावश्या या रस्त्यावर राहतात, मसूर स्टेशनावर ती दर सुट्टीत उतरतात. गटातल्या एकाने ही वाट नकाशावर रेघेने जोडली आणि टिप्पणीत विचारले, 'या वाटेवर तेव्हा किती विहिरी असतील?' त्या टिप्पणीखाली बरेच दिवस कोणी काही लिहिले नाही. मग हळूहळू वाटेवरच्या गावांतल्या जुन्या विहिरींच्या खुणा येऊ लागल्या.

या मजकुरातल्या एका वाक्याचा प्रवास मला सविस्तर सांगावासा वाटतो. एका मुलाने लिहिले होते : 'त्या काळी काही लोकांना वरून पाणी वाढले जात असे.' बाजूला टिप्पणी आली, 'काही म्हणजे कोण?' उत्तर, 'सगळ्यांना माहीत आहे.' पुन्हा टिप्पणी, 'माहीत आहे तर लिही.' त्यावर वाक्य बदलले : 'त्या काळी वस्तीतल्या बायकांना आडापासून लांब थांबावे लागे व त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतले जाई, असा नियम होता.' इथे दोन दिवस शांतता होती. मग तिसऱ्या कोणीतरी 'असा नियम होता' एवढेच शब्द निवडून विचारले, 'नियम कोणी केला?' खाली पाच-सहा उत्तरे झाली. कोणी लिहिले, पूर्वीपासून होता. कोणी लिहिले, देवाने. कोणी लिहिले, देवाने केला असता तर कायद्याने मोडला नसता. शेवटी ज्याने पहिले वाक्य लिहिले होते, बहुधा त्यानेच, ते असे केले : 'आमच्या पणजोबांच्या काळात गावाने असा नियम ठेवला होता की वस्तीतल्या बायकांनी लांब थांबायचे. ज्याला वाटेल तो पाणी ओते, नाही वाटले तर त्या तशाच परत जात.' आणि टिप्पणीपुढे चर्चा संपल्याची खूण केली. वर्गात तोंडी चर्चा घेतली असती, तर पहिल्या वाक्यावरच मी 'छान' म्हणून पुढे गेले असते, कारण घंटा होणार असते. वाक्य दिवसेंदिवस सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, म्हणून त्यातला अदृश्य कर्ता कोणाला तरी दिसला.

थांबण्याचे हे मोल नवे नाही. मेरी बड रोव या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे तिला आढळले. ते थांबणे तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली, गप्प राहणाऱ्या मुलांपैकी अधिक जण बोलू लागले आणि मुलांचे आपसातले बोलणे वाढले. सामायिक मजकुरात तीन सेकंदांऐवजी तीन दिवस मिळतात. मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी वर्षभरात माझ्याशी हजेरीपलीकडे बोललेली नव्हती. तिच्या वाडीची नोंद दररोज रात्री साडेअकरानंतर दोन-तीन ओळींनी वाढत असे. त्या वेळेचे कारण तिच्या मैत्रिणीकडून समजले. घरातला फोन दिवसा वडिलांकडे, संध्याकाळी भावाकडे, आणि भाऊ झोपल्यावर तिच्याकडे येतो. 2023 च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडेच. हा आकडा आमच्या मजकुरात घड्याळाच्या रूपाने दिसतो. दुपारच्या नोंदी मुलांच्या, रात्रीच्या मुलींच्या. वर्ग विद्यार्थिकेंद्री करू म्हणणाऱ्याने कोणते विद्यार्थी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे आधी पाहिले पाहिजे. त्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या आणखी काहींसाठी मधल्या सुट्टीत संगणक कक्ष उघडा ठेवायला आम्ही सुरुवात केली, आणि त्यानंतर रात्रीच्या नोंदी कमी झाल्या.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, तीही मांडली पाहिजे. ही साधने मुलांना जेवढे मोकळे करतात, तेवढीच त्यांना शिक्षकाच्या नजरेखाली आणतात. वहीत लिहून खोडलेले वाक्य खोडलेलेच राहते. इथे प्रत्येक खाडाखोड साठून राहते आणि मला वाटेल तेव्हा ती उलगडता येते. ज्या शाळांत मुलांना नावानिशी खाती दिलेली असतात, तिथे कोणी किती ओळी लिहिल्या, कधी लिहिल्या, किती वेळ नुसता बसून राहिला, सगळे दिसते आणि त्यावरून गुण देण्याचा मोह होतो. 'मग सहभाग मोजणार कसा?' असे आमच्या शिक्षकांच्या खोलीत मला विचारले जाते. एखाद्याचा एकच प्रश्न साऱ्या मजकुराची दिशा बदलतो आणि एखाद्याच्या दोनशे ओळी इकडून तिकडे चिकटवलेल्या असतात. ओळी मोजून काय कळणार? आम्ही ठरवले की इतिहास फक्त पुसलेले परत आणण्यासाठी उघडायचा. कोणीतरी एका रात्री सगळा मजकूर काढून एका सिनेनटाचे नाव पानभर लिहिले होते, तेव्हा मुलांनीच तो उघडून जुना मजकूर परत आणला. मी रात्री नऊनंतर मजकुरात जात नाही, हे वर्गाला सांगितलेले आहे आणि ते मी पाळते. मुलांना शिक्षकाच्या पाठीमागे बोलायला जागा लागते.

साधने टिकतात यावरही फार विसंबू नये. आमच्या जिल्ह्यातले कित्येक शिक्षक ज्या जॅमबोर्डवर, म्हणजे ऑनलाइन फळ्यावर, टाळेबंदीत मुलांकडून चित्रे आणि तक्ते करून घेत होते, ते गुगलने 31 डिसेंबर 2024 रोजी बंद केले. म्हणून दर महिन्याला आम्ही मजकुराची प्रत उतरवून छापतो आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवतो. त्या छापण्यावरूनच सध्याचा वाद निघाला. परवानगीच्या चौकटीत तीन पर्यायांच्या वर आणखी एक शब्द असतो : मालक. मजकूर माझ्या खात्यातून सुरू झाला, म्हणून तिथे माझे नाव आहे. मी बदलून गेले तर काय, असे एकाने विचारले आणि त्यावर संपूर्ण तास गेला. काहींना हे सारे मराठी विकिपीडियावरच्या गावाच्या लेखात घालायचे आहे, पण तिथे छापील, पडताळता येईल असा आधार लागतो. आजीचे सांगणे आधार म्हणून चालत नाही, यावर मुले अजून नाराज आहेत. काहींना ग्रामपंचायतीला एक प्रत द्यायची आहे. वस्तीतल्या मुलींनी मात्र स्पष्ट सांगितले की तिसऱ्या ढिगातला मजकूर कोणालाही देण्यापूर्वी आमच्या म्हाताऱ्या माणसांनी तो ऐकला पाहिजे, कारण त्यातल्या गोष्टी त्यांच्या आहेत. वर्गाने ते मान्य केले. पुढच्या रविवारी वस्तीच्या समाजमंदिरात वाचन ठेवले आहे. ज्याने जो भाग लिहिला तो त्यानेच वाचायचा, आणि ऐकणारे जे बदल सुचवतील ते तिथल्या तिथे मजकुरात करायचे, म्हणून शाळेचा लॅपटॉप आणि एका पालकाच्या फोनचा हॉटस्पॉट सोबत न्यायचे ठरले आहे.